आधी टाचणी, मग डिंक
मातीसची कागदी चित्रे आणि वर्गातले कातरकाम

काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात आम्ही एक प्रयोग केला आणि तो फसला. आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराची कागद कापून केलेली दोन-तीन चित्रे मुलांना दाखवली, घोटीव कागद वाटला, कात्र्या दिल्या, डिंकाच्या बाटल्या ठेवल्या आणि सांगितले, "आता असेच काही तुम्ही करा." तास संपला तेव्हा आमच्यापुढे चाळीसएक चित्रे होती आणि त्यांतल्या बहुतेकांत मातीसची ती समुद्रवनस्पतीसारखी बोटे-बोटे असलेली पाने होती. मुलांनी आमचे अगदी तंतोतंत ऐकले होते! एका मुलीने मात्र कागदाला कात्रीच लावली नव्हती. विचारले तर म्हणाली, "बाई, चुकलं तर कागद वाया जाईल."

त्या मुलीचे म्हणणे आम्हाला लागले. तास ठरवताना आम्ही मातीसची गोष्ट मुलांना अशी सांगितली होती: एक मोठा चित्रकार म्हातारपणी आजारी पडला, त्याला उभे राहून रंगवता येईना, म्हणून त्याने कात्री हाती घेतली. गोष्ट चांगली आहे आणि जिद्दीचा धडा म्हणून सोयीचीही आहे. पण या चित्रकाराने प्रत्यक्षात काम कसे केले, हे आम्ही नीट पाहिलेच नव्हते. पाहिले तेव्हा लक्षात आले, की गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि आमचा तास फसण्याचे कारण तिच्या राहिलेल्या अर्ध्या भागात आहे.

विणकरांच्या गावचा मुलगा

मातीसचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समधील ल कातो या गावी झाला. त्याचे बालपण जवळच्याच बोएँ या कापडाच्या गावात गेले. त्याच्या पूर्वजांत विणकर होते. कायद्याचे शिक्षण घेऊन तो वकिलाच्या कचेरीत कारकुनी करू लागला. विशीत आतड्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा आईने वेळ घालवायला रंगाची पेटी आणून दिली आणि हा कारकून चित्रकार झाला. पुढे १९०५ साली पॅरिसच्या शरद प्रदर्शनात त्याची आणि त्याच्या मित्रांची भडक रंगांतील चित्रे पाहून एका टीकाकाराने त्यांना 'रानटी श्वापदे' म्हटले. तेच नाव त्या गटाला चिकटले.

कागद चिकटवून चित्र करण्याचा शोध मात्र मातीसचा नव्हे. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी या बाईंनी १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलांची चित्रे करायला सुरुवात केली आणि दहा वर्षांत जवळजवळ हजार चित्रे केली. वनस्पतिशास्त्रज्ञांनाही मान्य व्हावीत इतकी ती बारकाईची आहेत. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आधुनिक चित्रकलेत हे तंत्र आणले पिकासो आणि ब्राक यांनी, १९१२ साली. ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद विकत आणून त्याचे तुकडे चित्रात चिकटवले. 'कोलाज' हा शब्द फ्रेंचमध्ये 'चिकटवणे' या क्रियापदावरून आला. म्हणजे या कलेच्या नावातच डिंक आहे. त्या नावाने आमची दिशाभूल केली, असे आता वाटते.

टाचणीचे आगमन

१९३० साली अमेरिकेतील बार्न्स नावाच्या संग्राहकाने मातीसला आपल्या मेरियन येथील संग्रहालयासाठी एक भित्तिचित्र सांगितले. तीन कमानींच्या खाली बसणारे, सुमारे १४ मीटर रुंदीचे. विषय मातीसने निवडला, 'नृत्य'. एवढ्या मोठ्या कॅनव्हाससाठी त्याने नीस शहरात एक रिकामे गॅरेज भाड्याने घेतले आणि लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून आकृत्या काढू लागला.

येथे त्याला एक अडचण आली. नाचणारी एक आकृती थोडी डावीकडे सरकवली, की शेजारची आकृतीही बदलावी लागे आणि मागच्या रंगाच्या पट्ट्यांचा तोलही बिघडे. तैलरंगात असा प्रत्येक बदल म्हणजे खरवडणे, वाळू देणे आणि पुन्हा रंगवणे. चित्र १४ मीटरचे असेल तर हे किती दिवस चालायचे? म्हणून त्याने आधी रंगवून घेतलेले कागद आकृत्यांच्या मापाने कापले आणि ते टाचण्यांनी कॅनव्हासवर लावले. टाचणी काढायची, कागद सरकवायचा, लांब जाऊन पाहायचे, पटले नाही तर पुन्हा सरकवायचा. गुलाबी, निळ्या आणि काळ्या कागदांचे हे तुकडे अनेक महिने असे फिरत राहिले.

या कामात एक मोठी चूकही झाली. कमानींच्या मधल्या भागांची रुंदी मातीसने चुकीची धरली होती. १९३२ मध्ये ते लक्षात आले तेव्हा चित्र बरेच पुढे गेले होते. ते बसणारच नव्हते. त्याने नव्या मापाने सगळे पुन्हा सुरू केले आणि मे १९३३ मध्ये दुसरे चित्र मेरियनला जाऊन भिंतीवर चढले. बार्न्स संग्रह २०१२ साली फिलाडेल्फियात हलवला, तेव्हा ते चित्रही तिकडे गेले. चुकीच्या मापाचे चित्र पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. मोजमाप चुकल्याची कबुली देणारी वस्तू संग्रहालयात मानाने टांगली जावी, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे.

तारखा पाहा. हे सगळे १९३१ ते १९३३ या काळात घडले. मातीस तेव्हा साठीत असला तरी हिंडता-फिरता होता, शिडीवर चढत होता. म्हणजे कात्री आणि कागद त्याच्या हाती आले ते आजारामुळे नव्हे, तर एक विशिष्ट प्रश्न सोडवण्यासाठी. कागद तेव्हा चित्र नव्हता, चाचणी घेण्याचे साधन होता. प्रयोगशाळेत आपण जोडणी कायमची पक्की करण्याआधी तारा तात्पुरत्या जोडून पाहतो, तसेच हे.

आजार आणि युद्ध

मग आजार आला. जानेवारी १९४१ मध्ये लियाँ येथे त्याच्या पोटाच्या कर्करोगावर मोठी शस्त्रक्रिया झाली. तो वाचेल असे वाटत नव्हते. वाचला, तेव्हा रुग्णालयातील जोगिणींनी त्याचे नाव 'मरणातून उठलेला' असे ठेवले. यानंतरची तेरा वर्षे बहुतेक अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत गेली. उभे राहून मोठे कॅनव्हास रंगवणे अवघड झाले. येथे आपली नेहमीची गोष्ट खरी ठरते. आजाराने कागदाला मुख्य जागा दिली. पण साधन आधीपासून हातात होते म्हणूनच ते उपयोगी पडले. इतिहास शिकवताना आपण 'कारण' आणि 'निमित्त' असा फरक करतो, तो येथे करायला हवा.

१९४३ मध्ये त्याने तेरियाद या प्रकाशकासाठी कागदी चित्रांचे एक पुस्तक करायला घेतले. सर्कस, लोककथा, प्रवासाच्या आठवणी असे विषय आणि एकूण वीस चित्रे. बाहेर युद्ध चालू होते. १९४४ मध्ये त्याची पत्नी आणि मुलगी मार्गेरित यांना जर्मन गुप्त पोलिसांनी पकडले. मार्गेरित भूमिगत चळवळीत होती. तिचा छळ झाला आणि छळछावणीकडे नेणाऱ्या गाडीतून ती कशीबशी सुटली. तिचे काय झाले, हे मातीसला कित्येक महिने ठाऊक नव्हते. त्या पुस्तकातले भडक, आनंदी रंग पाहताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

पुस्तक 'जाझ' या नावाने १९४७ मध्ये निघाले. मूळ कागद ज्या रंगांनी रंगवले होते तेच रंग वापरून, स्टेन्सिलने, एकेक पान हाताने छापले होते. तरीही मातीस नाराज झाला. छापल्यावर तुकड्यांच्या कडा, एकावर एक आलेले कागद, त्यांची किंचित उचललेली टोके हे सारे सपाट झाले होते. आपल्याला कागदाची चित्रे करायची नसून कागदातच चित्र करायचे आहे, हे त्याला बहुधा या नाराजीतून कळले असावे. पुढची चित्रे छापण्यासाठी नव्हती, भिंतीसाठी होती.

रेषा आधी की रंग आधी?

आपल्या शाळेत चित्र कसे काढतात? आधी पेन्सिलने बाह्यरेषा, मग तिच्या आत रंग. रेषेबाहेर रंग गेला की गुण गेले. युरोपातील चित्रशाळांतही रेषा श्रेष्ठ की रंग, हा वाद शतकानुशतके चालला होता. मातीसही आयुष्यभर या प्रश्नाशी झगडला. रेषा मनासारखी आली की रंग तिला मारतो, असे त्याला वाटे.

कात्रीने हा प्रश्न सुटला. रंगवलेल्या कागदात कात्री चालते तेव्हा कापलेली कड हीच रेषा असते आणि ती रंगापासून वेगळी नसते. 'जाझ'मध्ये त्याने याची तुलना थेट दगडात कोरणाऱ्या शिल्पकाराच्या कामाशी केली आहे. कापताना दोन आकार एकदम जन्मतात, हेही त्याने ओळखले. एक हातात येतो, दुसरा उरलेल्या कागदात भोक होऊन राहतो. 'जाझ'च्या काही पानांवर त्याने हे दोन्ही शेजारी-शेजारी वापरले आहेत. आपण जे कचऱ्यात टाकतो, ते त्याच्या दृष्टीने दुसरे चित्र होते.

भिंतीवरचा समुद्र

१९४६ च्या उन्हाळ्यात तो पॅरिसच्या घरी होता. एकदा पांढऱ्या कागदातून त्याने एक पाकोळी कापली आणि भिंतीवरचा डाग झाकायला ती तेथे लावली. मग एक मासा, मग प्रवाळ, मग समुद्रवनस्पती. सोळा वर्षांपूर्वी, १९३० मध्ये पाहिलेला ताहिती बेटाचा समुद्र खोलीच्या भिंतींवर चढत गेला. त्यातून 'ओशिअनिया' नावाच्या दोन मोठ्या रचना झाल्या, एक आकाशाची आणि एक समुद्राची. त्या पुढे लंडनमध्ये कापडावर छापल्या गेल्या.

१९५२ मध्ये नीस येथे एका कडक उन्हाच्या दिवशी तो पोहणाऱ्यांना पाहायला कान शहरातल्या तलावावर गेला. ऊन सोसेना म्हणून परतला आणि आता आपला तलाव आपणच करू, असे त्याने ठरवले. जेवणाच्या खोलीच्या भिंतींवर पांढऱ्या कागदाचा पट्टा लावला आणि त्यावर निळ्या कागदाचे पोहणारे, सूर मारणारे, जलचर. हा 'जलतरण तलाव' न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९७५ मध्ये घेतला. मातीसच्या मृत्यूनंतर तो ज्या गोणपाटावर चिकटवला गेला होता, ते गोणपाट काळाच्या ओघात काळपट तपकिरी होत गेले आणि चित्राचा तोल बिघडला. २००८ पासून संवर्धकांनी कागद त्या गोणपाटावरून सुटा करण्याचे जिकिरीचे काम केले, आणि २०१४ मध्ये तलाव पुन्हा लोकांसमोर आला.

काम कसे चाले?

हा भाग शिक्षकांच्या सर्वांत कामाचा.

पहिली पायरी, रंग. सहायक मुली पांढऱ्या कागदावर गॉश हा अपारदर्शक जलरंग देत. आपला पोस्टर कलर याच जातीचा. या रंगातील पूड ज्या चिकट द्रव्याने धरली जाते, ते म्हणजे बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक. कागद वाळवून, सपाट करून, रंगाप्रमाणे लावून ठेवत.

दुसरी पायरी, कापणे. मातीस पेन्सिलची रेषा न काढता मोठ्या कात्रीने सरळ कापत असे. मात्र त्यामागे अनेक वर्षे रोज चित्र काढण्याचा सराव होता.

तिसरी पायरी, टाचणी. लिडिया डेलेक्तोर्स्काया ही त्याची रशियन सहायिका आणि इतर मुली तुकडा भिंतीवर धरत. मातीस खुर्चीतून किंवा पलंगावरून सांगे: थोडा वर, थोडा तिरपा, आता खाली. तुकडा टाचला जाई. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हले. काही रचना आठवडे, काही महिने अशा हलत्या राहिल्या.

चौथी पायरी, चिकटवणे, सर्वांत शेवटी. सगळे ठरले की जागांची नक्कल पारदर्शक कागदावर उतरवून घेत आणि पॅरिसच्या कुशल कारागिरांकडून चित्र पक्के करून घेत. काही रचना तर तो हयात असेपर्यंत चिकटवल्या गेल्याच नाहीत.

हे कशावरून? त्या काळच्या छायाचित्रांवरून, सहायकांच्या आठवणींवरून आणि स्वतः कागदांवरून. जवळून पाहिले तर तुकड्यांवर टाचण्यांची भोके दिसतात. एका तुकड्यावर भोकांचे अनेक संच असतील, तर तो तितक्या वेळा हलला. टाचणीचे भोक हाही इतिहासाचा पुरावा असतो.

गोगलगाय आणि उलटी होडी

१९५३ सालची 'गोगलगाय' हे या पद्धतीचे उत्तम उदाहरण. लंडनच्या टेट संग्रहालयातील हे चित्र जवळजवळ २.८७ मीटर लांब आणि तितकेच रुंद आहे. हिरवे, निळे, लाल, केशरी, काळे असे ओबडधोबड चौकोनी तुकडे शंखाच्या वळणाने मांडले आहेत. मातीसने आधी खरी गोगलगाय हातात घेऊन तिची रेखाटने केली होती. मग मनात उरले ते फक्त वळण. निरीक्षणातून अमूर्ताकडे जाण्याचा हा रस्ता आहे. अमूर्त म्हणजे वाटेल ते, असे मुलांना वाटता कामा नये. (वरच्या डाव्या कोपऱ्यातील जांभळट तुकड्याच्या कडेत एक चिमुकली गोगलगाय कापलेली आहे. मुलांना शोधू द्या.)

या चित्रात लाल हिरव्याला आणि निळा केशरीला लागून का येतो? याचे उत्तर शंभरहून अधिक वर्षे जुने आहे. पॅरिसच्या गोबलँ या सरकारी गालिचा कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली, की निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासले तर रंगात दोष नव्हता. शेजारच्या रंगामुळे डोळ्याला तसे वाटत होते. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. आपला डोळा आणि मेंदू एखादा रंग एकटा मोजत नाहीत, शेजारच्याशी तुलना करून ठरवतात. सिन्याक आणि त्याच्या गटातील चित्रकारांनी हे नियम उचलले आणि १९०४ मध्ये मातीस त्याच सिन्याकच्या सहवासात काम करत होता. रंगाचा परिणाम शेजारावर अवलंबून असेल, तर तुकडा प्रत्यक्ष त्या जागी ठेवल्याशिवाय तो कसा दिसेल हे कळणार नाही. सरकवून पाहण्याची गरज येथून येते.

पाहणाऱ्यांचीही एक गंमत सांगतो. मातीसची 'होडी' ही छोटी कागदी रचना १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात चक्क उलटी टांगली गेली. ४७ दिवसांत लाखाहून अधिक लोक तिच्यासमोरून गेले. शेवटी शेअर दलालीचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंच्या ध्यानात आले, की शीड आणि त्याचे पाण्यातले प्रतिबिंब यांची अदलाबदल झाली आहे. त्यांनी सांगितले, तपासले गेले आणि चित्र सुलटे झाले. तज्ज्ञांच्या घरातही आपण आपल्या डोळ्यांनी पाहावे, एवढा धडा त्यात आहे.

३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस येथे मातीसचा मृत्यू झाला.

पुन्हा वर्गात

हे सर्व वाचल्यावर आम्ही तोच तास त्याच वर्गावर पुन्हा घेतला. या वेळी मातीसचे एकही चित्र आधी दाखवले नाही. पहिल्या तासाला डिंक कपाटात कुलूपबंद ठेवला. घोटीव कागदाऐवजी जुनी वर्तमानपत्रे आणि पाठकोरे कागद मुलांकडूनच रंगवून घेतले, म्हणजे वाया जाण्याची भीती उरली नाही. प्रत्येकाने एक वस्तू आणली: शिंपला, आघाड्याचा तुरा, सुकलेली शेंग. ती दहा मिनिटे पाहायची, मग बाजूला ठेवायची आणि मनात उरलेला आकार पेन्सिलशिवाय कापायचा. कापून उरलेला कागदही जपून ठेवायचा.

मांडायला सॉफ्टबोर्ड एकच होता. तेथे टाचण्या, बाकी मुलांनी जमिनीवर मांडले. पंख्याने तुकडे उडू नयेत म्हणून त्यांवर चिंचोके ठेवले. नियम एकच, प्रत्येक तुकडा किमान तीन ठिकाणी ठेवून पाहायचा आणि दर वेळी उभे राहून, दोन पावले मागे जाऊन बघायचे. दुसऱ्या तासाला शेव्हरल यांचा प्रयोग केला. एकाच करड्या कागदाचे दोन चौकोन, एक लालवर, एक हिरव्यावर. दोन्ही करडे वेगळेच दिसतात! ते एकाच कागदाचे आहेत, हे पटवायला चौकोन उचलून शेजारी ठेवावे लागले. डिंक निघाला तो तिसऱ्या तासाला.

या वेळची चित्रे एकसारखी नव्हती. काही कच्ची होती, काही गचाळही होती. पण प्रत्येक मुलाला आपला तुकडा तेथेच का ठेवला, याचे काहीतरी उत्तर देता येत होते. आधीच्या वेळी हा प्रश्न विचारायचे आम्हालाही सुचले नव्हते.

ती कागद न कापणारी मुलगी? तिने शेंग आणली होती. तिच्या मांडणीत शेंगेपेक्षा शेंग कापून उरलेला कागद मोठा होता. तिसऱ्या तासालाही ती तुकडे सरकवतच बसली होती. घंटा झाली तेव्हा म्हणाली, "बाई, अजून चिकटवत नाही. उद्या परत बघते."

चिंचोक्यांसकट तिचा कागद आम्ही खिडकीखालच्या बाकावर तसाच राहू दिला आणि तेथे झाडू न मारण्याविषयी शिपाईमामांना सांगून ठेवले.